गळा कोणी वळवला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी मुलांना समूहगीतं बसवून देत. या सभागृहात त्यांचे विद्यार्थी बसले आहेत. त्यांच्यासमोर गाण्याबद्दल बोलायचं म्हणजे जबाबदारीचं काम आहे. आजचा विषय मी मुद्दाम असा निवडला की त्यात भूगोलही यावा आणि समूहगीतही. देशोदेशींची गायकमंडळं एकमेकांना भेटतात, गाणी देतात-घेतात, तेव्हा नेमकं काय होतं? आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा या देवाणघेवाणीशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. आपण आज 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? परदेशी पाहुण्यांचा गट, गळ्यात हार, एक गाणं त्यांचं, एक आपलं, शाल-श्रीफळ, सामूहिक फोटो. मी या कार्यक्रमांना नावं ठेवत नाही. मलाही ते आवडतात. पण तेवढ्याने देवाणघेवाण झाली असं मला म्हणवत नाही. माझ्या दृष्टीने खरी कसोटी एकच: या भेटीत गळा कोणी वळवला? दुसऱ्याचं गाणं आपल्या कंठातून काढण्यासाठी, जिभेला सवय नसलेला उच्चार आणि कानाला सवय नसलेला सूर घोटण्यासाठी, कष्ट कोणी घेतले? आज मी तुम्हाला जे जे सांगणार आहे, त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न विचारायचा आहे.

सुरुवात परदेशी माणसं येण्याच्या आधीपासून करू. कारण आपण काही रिकाम्या हाताने भेटलो नाही. आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ओवी ही त्याआधीपासून बायाबापड्यांच्या तोंडी होती. जात्यावर होती, पाळण्याशी होती. पुढे अभंग आला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, आणि शेवटचा चरण तोकडा. त्या तोकड्या चरणावर टाळ एकत्र येतात आणि मंडळी श्वास घेतात. हजारो माणसांनी कागद न बघता, कोणी हातवारे करून न चालवता एका सुरात गावं, यासाठी याहून सोयीचा साचा जगात फार ठिकाणी सापडणार नाही. म्हणजे समूहगान आम्हाला कोणी शिकवायला हवं होतं, अशी स्थिती नव्हती.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली आणि त्यांनी इथे ठाणं मांडलं. बोस्टनकडच्या चर्चमध्ये वाढलेली ही माणसं. त्यांच्यासोबत त्यांची स्तोत्रं आली, आणि स्तोत्रांबरोबर चार आवाजांत गाण्याची रीत आली. १८३५ साली हिंदुस्थानात आलेले हेन्री बॅलंटाइन यांनी नगरला राहून मराठीत स्तोत्रं रचली, भाषांतरं केली. याच बॅलंटाइन यांनी १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं, हे वृत्तपत्रांच्या इतिहासात आपण वाचतो. त्यांची स्तोत्ररचना मात्र आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात कोपऱ्यात राहिली आहे.

ही पहिली स्तोत्रं गळ्यात बसायला अवघड होती. का? भक्ती कमी होती म्हणून नव्हे. अडचण रचनेत होती. इंग्रजी स्तोत्राचा सर्वांत चालता साचा म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या ओळी. त्यात पहिलं अक्षर हलकं, दुसऱ्यावर जोर, तिसरं हलकं, चौथ्यावर जोर. चाल त्या जोरावर उभी असते. आता या चालीवर 'देवाच्या' हा शब्द ठेवून बघा. 'दे' हलका पडतो, 'वा'वर ठोका येतो, 'च्या' लोंबकळतो. शिवाय इंग्रजी ओळ एकाक्षरी शब्दावर ठामपणे थांबू शकते. आपल्याकडे एकाक्षरी शब्द किती? आपला शब्द प्रत्यय घेऊन लांबतो, आणि चाल संपली तरी शब्द उरतो. मराठी माणसाला ते गाताना अडखळायला होणारच. तरीही गावोगावच्या माणसांनी ती स्तोत्रं शिकली, चार आवाजांत शिकली, पिढ्यान्‌पिढ्या गायली आणि आजही नाताळात गातात. गळा कोणी वळवला? आपण वळवला. राज्य इंग्रजांचं, छापखाना मिशनचा, शाळा मिशनची. तिथे दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. पण ज्यांनी हे कष्ट घेतले त्यांचं मला मोल वाटतं. चार वेगळ्या सुरावटी एकाच वेळी चालू असताना आपली सोडायची नाही, ही आपल्या कानाला तोवर परकी असलेली गोष्ट त्यांनी आपलीशी केली.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी आपण रोज बघतो आणि देवाणघेवाण म्हणून मोजतच नाही. पेटी! हार्मोनियम. आज या जिल्ह्यात पेटीशिवाय भजनी मंडळ दाखवा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत सप्ताहात पेटी आहे, कीर्तनात पेटी आहे, जागरणात पेटी आहे. ही पेटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये आकाराला आली. पायाने भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायची, खुर्चीवर बसून. मिशनऱ्यांनी ती प्रार्थनेसाठी इकडे आणली. पण आपण जमिनीवर बसणारी माणसं! कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला, ती खाली उतरली, एक हात भात्याला आणि एक सुरांना, आणि ती आपली झाली. इथे गळा वाद्याने वळवला.

थोडा आपणही वळवला, हे सांगायला हवं. पेटीचे सूर ठरलेले. दोन पट्ट्यांमधली जागा तिला दाखवता येत नाही, मींड घेता येत नाही. म्हणून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीआधी पेटीविरुद्ध आग्रहाने बोलणाऱ्यांत दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार होते. बघा, आपल्या श्रुती जपल्या जाव्यात म्हणून एक इंग्रज माणूस तळमळतो, आणि त्याच वेळी आपली खेड्यातली मंडळं पेटी सोडायला तयार नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे होते. देवाणघेवाणीत काही मिळतं तेव्हा काही निसटतंही, आणि ते निसटलेलं कोणीतरी मोजून ठेवलं पाहिजे.

आता मूळ विषयाच्या गाभ्याकडे येतो. नगरच्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक मोठी गोष्ट घडली. कृष्णराव रत्नाजी सांगळे, जन्म १८३४, मृत्यू १९०८, हे ख्रिस्ती कीर्तनाचे आद्य प्रवर्तक. त्यांनी बायबलातली आख्यानं घेतली आणि ती कीर्तनाच्या रीतीने उभी केली. उधळ्या पुत्राची कथा घ्या. बाप, दोन मुलगे, वाटणी, परदेश, दुष्काळ, परत येणं. कीर्तनकाराला यापेक्षा चांगलं आख्यान कुठे मिळणार? पूर्वरंगात तत्त्व मांडायचं, उत्तररंगात कथा. पदं, साक्या, दिंड्या, आर्या. हातात चिपळ्या, मागे टाळ आणि मृदंग. ज्या गावात प्रवचनाला दहा माणसं येत नसत, तिथे कीर्तनाला पार भरत असे, कारण ती बैठक, तो ठेका, ते 'झील' धरणं लोकांच्या ओळखीचं होतं.

या कीर्तनाच्या वेळी समोर बसलेल्या अमेरिकन माणसाचा विचार करा. तो ज्या चर्चमध्ये वाढला तिथे गाण्याला लांबी असते. चार कडवी म्हणजे चार कडवी. पुस्तक उघडायचं, म्हणायचं, मिटायचं. इथे कीर्तनकार एक ओळ तीनदा घेतो, मध्येच बोलतो, परत त्या ओळीवर येतो, लोकांनी उचललं की सोडून देतो. हे गाणं कधी संपेल हे आधी कोणालाच माहीत नसतं. ते कीर्तनकार आणि श्रोते मिळून ठरवतात. अशा ठिकाणी टाळ्या वाजवत बसायला त्या माणसाला स्वतःची केवढी शिस्त मोडावी लागली असेल! नगरच्या इतिहासात परदेशी गळा आपल्या बाजूला वळायला लागला तो इथून, असं मी मानतो.

सांगळ्यांनी केलेल्या वाटेवर पुढे नारायण वामन टिळक आले. १८६१ चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि त्यानंतरचं त्यांचं बरंचसं आयुष्य नगर-राहुरीत गेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे हे घर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे; त्यावर मी वेळ घेत नाही. मला टिळकांच्या कानाबद्दल बोलायचं आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, रचनेत उतरवलं. ओवी घेतली, अभंग घेतला, आणि परक्या चालीत अडखळणारा मराठी शब्द मोकळा केला. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त त्यांची पदं अडीचशेच्या घरात आहेत. त्या पुस्तकाची पानं उलटत गेलं की एकीकडे विलायती चालीची स्तोत्रं, दुसरीकडे देशी चालीची भजनं, दोन्ही एकाच बांधणीत. एकाच रविवारी, एकाच बाकावर बसून, नगरच्या माणसाने दोन्ही गायची. अशी सवय इथे लागली.

आणि आता ही गाणी समुद्रापार कशी गेली ते ऐका. कारण आतापर्यंत आपण फक्त येणाऱ्या गाण्यांचं बोललो.

निकोल मॅक्निकोल हे स्कॉटिश मिशनरी पुण्याला होते. मराठी संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. १९१९ साली त्यांनी ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम यांच्या अभंगांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. टिळक वारले तेही १९१९ सालीच. टिळकांची काही पदं मॅक्निकोल यांनी इंग्रजीत आणली आणि त्यांतलं एक इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत स्थिरावलं. ते कोणत्या चालीवर छापलं गेलं? 'विगटाउन' नावाच्या चालीवर. ही स्कॉटलंडच्या सतराव्या शतकातल्या स्तोत्रपुस्तकातली चाल आहे. म्हणजे टिळकांचा अर्थ गेला, भाव गेला, पण शब्द पुन्हा त्याच आठ-सहा-आठ-सहाच्या साच्यात जाऊन बसले. परदेशी गायकवृंदाने टिळक गायले, मनापासून गायले, पण गळा वळवला नाही. तशी गरजच पडली नाही.

सांगळ्यांच्या पदाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नगरकरांना फारशी माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या एका पदाचं इंग्रजी भाषांतर अमेरिकन मराठी मिशनचे आल्डन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. तन, मन, धन सगळं अर्पण करण्याचं पद. ते अमेरिकेतल्या स्तोत्रसंग्रहांत छापलं गेलं, पण या वेळी शब्दांबरोबर चालही गेली. इथली देशी चाल पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवली, आणि तिला नाव दिलं 'तन मन धन'. इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत प्रत्येक चालीला स्वतःचं नाव असतं, 'विगटाउन' आहे तसं. त्या गावांच्या, संतांच्या, माणसांच्या नावांच्या रांगेत 'तन मन धन' हे नाव छापलेलं आहे.

विचार करा. अमेरिकेतल्या एखाद्या गावात, मराठीचा एक शब्दही न येणाऱ्या बायका-पुरुषांनी रविवारी सकाळी पुस्तक उघडलं आणि आपल्याकडच्या भजनाची चाल आपल्या गळ्यातून काढली. शब्द त्यांच्या भाषेतले, पण सुरांची वळणं आपल्याकडची. त्यांना ती अनोळखी वाटली असेल. ऑर्गनवाल्याला साथ कशी द्यावी हा प्रश्न पडला असेल, कारण आपल्या चालीला षड्ज सोडवत नाही आणि त्यांची साथ दर दोन मात्रांनी खालचे सूर बदलू पाहते. तरी गायले. देवाणघेवाणीचा मार्ग दोन्ही दिशांना चालता झाला तो अशा गाण्यांमुळे. एक मराठी पद परदेशी पुस्तकात गेलं, यात अभिमान आहेच. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही की समोरच्याला आपल्यासाठी गळा वळवावा लागला.

इथे एक बोच आहे, ती लपवत नाही. त्या पुस्तकांत शब्दांपुढे सांगळ्यांचं नाव आहे, भाषांतरापुढे क्लार्क यांचं. चालीपुढे? भारतीय चाल, एवढीच नोंद. कोणाची चाल? कोणी म्हणून दाखवली असेल? आपल्या जिल्ह्यातले खेड्यापाड्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार आणि मांग समाजांतून आले. ज्या समाजांनी गावाच्या प्रत्येक सणाला, लग्नाला, मिरवणुकीला वाजवलं, त्यांच्या घरांतली ही माणसं. हलगी त्यांची, सनई त्यांची, जागरणातली रात्रभराची गाणी त्यांची. ही माणसं चर्चमध्ये आली तेव्हा त्यांचा ताल आणि त्यांचा गळा सोबत आला. वडाळ्याला, राहुरीला, खेड्याखेड्यांतल्या शाळा-प्रार्थनागृहांत ज्यांनी चाली धरून ठेवल्या, जात्यावरची ओवी प्रार्थनेत आणली, त्या बायांची आणि पुरुषांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. आपण टिळकांचं स्मरण करतो, करायलाच हवं. पण टिळकांची पदं ज्यांच्या कंठात राहिली त्यांचं काय? देवाणघेवाण नेहमी दोन देशांमध्ये होते असं आपण म्हणतो. त्याआधी ती एका गावातल्या दोन वस्त्यांमध्ये होते, आणि तिथला हिशेब आपण अजून लिहिलेला नाही.

कॅथलिक मंडळींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. आपल्या जिल्ह्यात त्यांच्याकडे जर्मन भाषक येशूसंघी धर्मगुरू आले, प्रार्थना लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक भाषेला दार उघडलं. आज हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलात तर मराठी भजनं ऐकू येतात, पेटी-ढोलकीवर.

आता नगर शहरापासून थोड्या अंतरावर, दौंड रस्त्याला अरणगावाजवळ चला. मेहेराबाद. १९२३ पासून मेहेरबाबांचं हे ठिकाण. पुण्यात जन्मलेले इराणी घरातले मेहेरबाबा १० जुलै १९२५ पासून बोलले नाहीत, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. आणि बघा, ज्या माणसाने जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं मौन पाळलं, त्याच्या ठिकाणी जगभरातली माणसं गायला येतात! मौन धरण्याआधी आणि नंतरही त्यांना गाण्याची ओढ होती. त्यांनी स्वतः गुजराती आरती रचली. कव्वाली त्यांना प्रिय होती. आणि कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकाराचं १९३५ चं 'बिगिन द बिगीन' हे गाणंही त्यांना इतकं आवडत होतं की त्यांना टेकडीवर समाधी दिली तेव्हा, त्यांच्या इच्छेप्रमाणे, त्याची तबकडी वाजवली गेली. ब्रॉडवेच्या रंगमंचावरचं गाणं, नगरच्या माळावर.

मेहेराबादची सकाळ-संध्याकाळची आरती मी अनेकदा ऐकली आहे. समाधीसमोर आधी प्रार्थना होतात, मग आरती, आणि मग ज्याला गायचं त्याने गायचं. क्रम ठरलेला नाही. एखादी आंध्रची बाई तेलुगू भजन म्हणते, ते संपतं न संपतं तोच इराणहून आलेला कोणी फार्सी शेर उचलतो, मग गिटार घेतलेला अमेरिकन मुलगा. आणि गुजराती आरतीला हे सगळे एकत्र. एकदा माझ्या शेजारी एक वयस्क परदेशी बाई उभी होती. तिच्या हातात चुरगळलेला कागद होता, त्यावर एक मराठी भजन रोमन अक्षरांत लिहिलेलं. 'ळ' ज्या ज्या ठिकाणी येतो त्या अक्षराखाली तिने पेन्सिलीने ठिपका दिला होता. तो उच्चार तिला येत नव्हता. प्रत्येक ठिपक्यापाशी ती किंचित थांबायची, जीभ वर वळवायची आणि मग पुढच्या शब्दाला जाऊन मंडळींना गाठायची. पेटीवर बसलेल्या अरणगावच्या माणसाच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या आवर्तनापासून तो त्या जागेवर सूर थोडा धरून ठेवू लागला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, भाषणं झाली नाहीत. पण जगातल्या मोठमोठ्या महोत्सवांत जे साधायचं असतं, ते त्या ठिपक्यापाशी साधलं होतं.

या ठिकाणाहून गाणी बाहेरही गेली. मेहेरबाबांच्या 'परवरदिगार' या प्रार्थनेला 'द हू' या इंग्रजी बँडच्या पीट टाउनशेंड यांनी चाल दिली आणि ती १९७२ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत आली. 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे मेहेरबाबांच्या नावे प्रसिद्ध झालेलं वाक्य बॉबी मॅकफेरिन यांनी १९८८ साली गाण्यात घेतलं. गायकवृंद चालवणाऱ्यांनी हे गाणं पुन्हा लक्ष देऊन ऐकावं. त्यात एकही वाद्य नाही. खालचा ठेका, मधली साथ, वरची शीळ, सगळं मॅकफेरिन यांनी स्वतःच्या तोंडून काढून एकावर एक ध्वनिमुद्रित केलं. एका माणसाचा पूर्ण गायकवृंद! अमेरिकेच्या गीतयादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं हे पहिलं वाद्यविरहित गाणं.

मंडळी, एवढा इतिहास सांगितला तो आजच्यासाठी. आज गायकवृंदांचे प्रवास सोपे झाले आहेत. मुंबईत गेल्या शतकात व्हिक्टर परांजोती यांनी गायकवृंद उभा केला, त्यांच्यानंतर कुमी वाडिया यांनी तो चालवला, भारतीय भाषांतली गाणी चार आवाजांत बसवून परदेशात नेली. गोव्यात मांडो आणि चर्चसंगीत यांच्या जोरावर गायकवृंदांची परंपरा आहे. परदेशात वाढणारी आपली मराठी मुलं तिथल्या शाळांच्या गायकवृंदात गातात आणि गणेशोत्सवात आरत्याही म्हणतात. साधनं आहेत, इच्छा आहे. मग अडतं कुठे?

मी स्पष्ट सांगतो: तालमीला वेळ देत नाही तिथे अडतं. पाहुणे येतात, मंचावर चढतात, उतरतात. एकत्र बसून चुकायला जागाच ठेवलेली नसते. आणि चुकल्याशिवाय गळा वळत नाही. त्यांच्या गायकांना आपलं भजन अवघड जातं ते कशात? मींड आणि गमक कागदावर उतरत नाही, आणि ओळ किती वेळा घ्यायची ते लिहिलेलं नसतं. त्यांना पुढच्या पानाकडे पाहायची सवय. इथे बुवांच्या चेहऱ्याकडे पाहावं लागतं. आपल्या मंडळींना त्यांचं गाणं अवघड जातं ते कशात? शेजारचा वेगळा सूर धरून उभा असताना आपला धरून राहणं. आपल्याकडे चांगला साथीदार तो, जो बुवांच्या सुरात विरघळतो. तिकडे आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, म्हणणाऱ्या बाईने सोप्रानोत, म्हणजे वरच्या आवाजात, विरघळून चालत नाही. दोन्हीकडे शिस्त आहे, आणि दोन्ही शिस्ती एकमेकींच्या विरुद्ध टोकाला आहेत. म्हणून तर एकमेकांकडून शिकण्यासारखं आहे. एका दुपारी नाही येत हे, दोन-तीन दिवस द्यावे लागतात. मांडी घालून बसावं लागतं, त्यांना आपल्या भाकरीची आणि आपल्याला त्यांच्या सततच्या घड्याळाची सवय करावी लागते.

काही जाणकार विचारतात, भजनाला चार आवाज लावले की त्याचा आत्मा जात नाही का? जाऊ शकतो. राग एका षड्जाभोवती फिरतो, खालचे सूर सारखे बदलत राहिले तर तो षड्ज कानातून सुटतो. म्हणून माझं म्हणणं असं की भजन देताना भजनासारखंच द्यावं आणि चार आवाजांचं गाणं घेताना चार आवाजांतच घ्यावं. आधी दोन्ही पुरतं शिकावं. त्यानंतर कोणा प्रतिभावंताला काही वेगळं सुचलं तर त्याने जरूर करावं. शिकण्याआधीच मिसळण्याची घाई नको.

आता आपल्या हातचं काम. आपल्या शहरात आणि तालुक्यांत ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा माहीत असलेली जुनी माणसं अजून आहेत. देशी चालीची पदं ज्यांना पुस्तकाशिवाय येतात अशा आज्या आहेत. त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं पाहिजे: कोणती चाल, कोणाकडून शिकली, कोणत्या गावची, ठेका कोणता, प्रसंग कोणता. चालीपुढे माणसाचं नाव लिहिलं गेलं पाहिजे. 'तन मन धन'ची अमेरिकन स्वरलिपी मिळवून ती चाल इथल्या भजनी मंडळाने आणि इथल्या चर्चच्या गायकवृंदाने शेजारी-शेजारी बसून गाऊन पाहावी, आणि तिकडे जाऊन तिच्यात काय बदललं ते ऐकावं. महाविद्यालयांच्या संगीत आणि मराठी विभागांनी मिळून हे करावं. मेहेराबादला दर वर्षी अमरतिथीला, म्हणजे मेहेरबाबांच्या पुण्यतिथीला, जगभरचे गाणारे येतातच. त्यांतल्या काहींना दोन दिवस आधी शहरात बोलावून भजनाच्या तालमीला बसवणं अवघड नाही.

संयोजकांशी मी या विषयावर बोललो आहे. ध्वनिमुद्रणासाठी गावोगाव फिरायची, किंवा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची गाणी नोंदवायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी बाहेर टेबलावर ठेवलेल्या वहीत आपलं नाव, गाव आणि घरात कोणाला कोणती पदं येतात ते लिहून जावं. मोठ्या वयाच्या मंडळींकडे आधी जायचं आहे, तेव्हा त्यांचं वयही लिहा.